मावशीनं न पाहिलेला शेवट

आभार मानायचे तर सगळ्यात आधी मावशी. मग बाकीचे: निर्माता, कॅमेरामन, परीक्षक मंडळ, आणि नववीत मला गणिताच्या तासाला बाकावर उभं करणारे गुरुजी, ज्यांच्यामुळे मी शाळा सोडली आणि ज्यांना मराठी सिनेमावरचे स्वतःचे उपकार अजून ठाऊक नाहीत. मावशीचं नाव इथे लिहिणार नाही. फोनवर विचारलं होतं तिला. म्हणाली, नाव लिहिलं का कोर्टाचं काम वाटते. मग ठरवलं, कोणाचंच लिहायचं नाही. एकीला सोडून बाकीच्यांची लिहिली तर ती रुसेल, तिचं लिहिलं तर ती चिडेल, आणि माणसं रुसण्याला मी फार घाबरतो. मला सिनेमाचा पुरस्कार मिळाला त्या दिवशीसुद्धा माझं निम्मं लक्ष कोण रुसलंय याच्या हिशेबात होतं.

मावशीनं माझ्यासाठी काय केलं ते थोडक्यात सांगायचं तर, तिनं मला गावाबाहेर काढलं आणि पुढे एकदा गावात परत घेतलं. दुसरं काम जास्त कठीण होतं.

आम्ही दिघोरीचे. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मध्ये आम्ही. आमच्या घरात देव्हारा नव्हता. आजोबांच्या पिढीनं देव सोडले ते सोडलेच, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर शाळा येऊन बसली. दुसऱ्या घरातली पोरं परीक्षेला जाताना देवाला नमस्कार करत, आमच्याकडे परीक्षेलाच नमस्कार करायचे. आई शाळेतच खिचडी शिजवायची. बाबांच्या डोळ्यांसमोर कायम जवाहरनगर होतं: फॅक्टरीची नोकरी, सरकारी क्वार्टर, सकाळी दारापाशी येणारी फॅक्टरीची बस. त्या बसमध्ये मला बसवलं की त्यांचं आयुष्य मार्गी लागणार होतं. मी शाळा सोडली तेव्हा त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसते माझ्याकडे असे पाहत राहिले, जसा मी विहारात चप्पल घालून शिरलो आणि वर वंदनेच्या मध्येच शिंकलो.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. तिची रोवणीची टोळी होती. पावसाळ्यात धानाची रोवणी असते, तेव्हा शेतमालक थेट बायांना नाही, टोळीच्या म्होरकीला सांगतो. मग ती म्हणेल त्या बांधीत, ती म्हणेल तेव्हा, बाया उतरतात. आणि ती म्हणेल तेव्हाच बाहेर निघतात. मावशीनं हात झाडून "चाला वो" म्हटलं की हातातली पऱ्ह्याची रोपं तिथंच ठेवून सगळ्या धुऱ्यावर, बांधावर चढायच्या. मालक उभा राहून कितीही बोलला तरी त्याचं कोणी ऐकत नसे. मी पुढे बरेच दिग्दर्शक पाहिले, स्वतःही झालो. असा सेट कोणाच्याच ताब्यात पाहिला नाही.

घरी बसून मी बाबांच्या नजरेला नको झालो, तेव्हा मावशी मला टोळीत घेऊन गेली. काम पेंढ्या फेकायचं. बाया चिखलात वाकून, मागं मागं सरकत रोवत जायच्या आणि मी धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या त्यांच्या हाताशी पडतील अशा टाकायच्या. त्यातही मी चुकायचो. एकदा पेंढी एकीच्या पाठीत बसली. तेव्हा मावशीनं विचारलं, तुला नेमकं येतं तरी काय. मी घाबरून खरं ते सांगितलं: केबलवर सिनेमे पाहतो.

"मंग सांग," ती म्हणाली.

त्यांची स्वतःची गाणी गाऊन झाली होती आणि एकमेकींच्या सासवा तोंडपाठ होत्या. मी सिनेमा सांगायला लागलो. लहान बांधीला लहान सिनेमा. मोठी बांधी असली की मध्ये एक भांडण आणि एक लग्न घुसवायचं. दिवसभर वाकलेल्या बाईची कंबर दुखतेच, पण गोष्ट रंगली तर तिला ते उशिरा कळतं. कोणी कंबर सरळ करून उभी राहिली की समजायचं, सीन पडला. दोघी उभ्या राहिल्या तर घाईनं कोणाला तरी गुंडांच्या ताब्यात द्यायचं. पटकथा म्हणजे काय, हे मला पुढे मुंबईत एका इंग्रजी पुस्तकावरून समजावून सांगण्यात आलं. मी मान हलवली. मनात म्हटलं, ह्यात कंबर कुठंय.

मावशीची एकच अट होती. बाई मरणार नाही.

हिरो मेला तर तिची हरकत नव्हती, तसाही तो तिच्या मते काही कामाचा नसायचा. पण आई, बहीण, बायको, नाचणारी, व्हिलनची विधवा, कोणीच बाई मरायची नाही. मी मुकाट्यानं सगळ्या वाचवल्या. कॅन्सर बरा केला. गोळी दंडाला चाटून नेली. नदीत उडी मारलेलीला ढिवर लोकांच्या जाळ्यात सापडवली. याचा एक परिणाम असा झाला की पुढे त्यांतला एखादा सिनेमा टीव्हीवर लागला आणि त्यातली बहीण मेली, की टोळी टीव्हीवर खवळायची. गोष्ट यांना ठाऊक होती, टीव्हीच चुकत होता. एकदा तर दोघी-तिघी केबलवाल्याच्या घरी गेल्या आणि त्याला विचारून आल्या, का शेवट तू बदलवला का. त्यानं शपथ घेतली. त्यांनी ती मानली नाही.

मला बाहेर पाठवायचं ठरलं तेव्हा बाबांपुढे बोलायची हिंमत माझ्यात नव्हती, अजून नाही. मावशी एका संध्याकाळी आली आणि बाबांसमोर ओट्यावर बसली. प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत घोटत तिनं माझी अशी शिफारस केली: "भाऊजी, हा काही कामाचा नाही. चिखलात पाय खुपसून उभा राहते अन् बोलते. बोल्याचा पगार जिथं भेटत असन, तिथं पाठवा."

बाबा म्हणाले, असा पगार कुठं भेटतो. ती म्हणाली, मंबईले भेटते, नाहीतर एवढे सिनेमे फुकट बोलून राहिले का लोक. बाबांनी विचार केला. फॅक्टरीत मी जाणार नव्हतो हे त्यांना कळून चुकलं होतं. ते म्हणाले, जाऊ दे. त्या "जाऊ दे"मध्ये परवानगी किती आणि निराशा किती, हे मी आजही मोजत बसतो.

मुंबईत सुरुवातीला मी एका नटाच्या डोक्यावर छत्री धरायचो. उन्हातही धरायचो, सावलीतही. तो सावलीत गेला की मला कळत नसे मिटायची की नाही, म्हणून मी धरूनच राहायचो. तिथून हळूहळू कपड्यांच्या खात्यात, मग सहाय्यक, मग मालिकांचे संवाद. मालिकेत सासू असते. सासवांचा माझा अभ्यास धुऱ्यावर पक्का झाला होता, त्यामुळे बरं चाललं. दर रविवारी मावशीला फोन करायचो आणि जे लिहीत असेन ते सांगायचो. ती ऐकून सूचना द्यायची. तिच्या सूचना बहुतेक अगदी भंगार असायच्या. तिला प्रत्येक गोष्टीत ट्रॅक्टर हवा असे. एक गोष्ट मी समुद्रातल्या जहाजावर घडवली होती, तिथंही ती म्हणाली, पाहा जमते का. पण फोन ठेवला की मला लिहायला बसता यायचं. खोलीत एकटा माणूस काहीही लिहितो. कोणीतरी वाकून ऐकतंय असं वाटलं की जरा नीट लिहितो.

मग माझा सिनेमा. आमच्या धंद्यात निर्मात्याला गोष्ट तोंडी सांगावी लागते, त्याला नॅरेशन म्हणतात. लोक त्याला घाबरतात. मी घाबरलो ते सोफ्याला. इतका मऊ सोफा की मी गळ्यापर्यंत त्यात बुडालो, आणि बसून गोष्ट सांगायची मला सवयच नव्हती. शेवटी उभा राहिलो, आणि उभा राहिलो तसा आपोआप मागं मागं सरकायला लागलो, रोवणीसारखा, आणि बरोबर मध्यंतराला मागच्या काचेच्या दारावर आपटलो. निर्माता हसला. त्यानंतर तो हसला नाही. गोष्ट संपल्यावर त्यानं एकच विचारलं, "शेवटी ती मरते ना, नक्की?"

मी म्हटलं, मरते.

सिनेमातली बाई रोवणीच्या टोळीची म्होरकी आहे. संध्याकाळी शेवटच्या बांधीत तिला साप चावतो आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळत नाही. निर्मात्याला ती मरायला हवी होती, कारण परीक्षकांना मेलेली बाई आवडते, असा त्याचा अनुभव. माझं कारण वेगळं होतं. मावशीच्या टोळीतली एक बाई अशीच गेली होती, माझ्या समोर. मावशी आणि मी धुऱ्यावर तिला घेऊन बसलो होतो आणि रस्त्याकडे पाहत होतो. तिला वाचवून सिनेमा संपवणं मला जमलंच नसतं. मी अजूनही म्हणतो, तो शेवट बरोबर आहे.

पण बाई लिहिताना मला मावशीशिवाय दुसरी कोणी सुचली नाही. चालणं तिचं. लुगडं खोचणं तिचं. पन्नीत खर्रा घोटत समोरच्याला शेलक्या शब्दांत निकालात काढणं तिचं. रविवारच्या फोनवर मी तिला सगळी गोष्ट सांगितली होती, फक्त शेवटाला आलो की काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायचो.

पुरस्कार जाहीर झाला आणि जिल्ह्याच्या पानावर माझा फोटो आला, सोबत सिनेमाची गोष्ट, शेवटासकट. आमच्या गावात पेपर थोडे येतात पण वाचतात सगळे. दुपारी टोळीतल्या एकीचा फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही. "काय गा बाबू, मावशीले मारलास म्हणते तू?" मागून दुसरी ओरडली, विचार त्याले, साप कोन्त्या बांधीत होता. त्या बांधीत साप नाही म्हणे. तिसरी म्हणाली, ज्या बाईनं हाताला धरून आणलं तिलेच.

त्या रविवारी मावशीनं फोन उचलला नाही. पुढच्याही रविवारी नाही. आईला विचारलं तर म्हणे, बरी आहे, काम करून राहिली. मला वाटायला लागलं, आपण गाव गमावलं. पुरस्काराची बाहुली माझ्या खोलीत टीव्हीवर उभी होती, आणि मी तिच्याकडे बाबांनी माझ्याकडे पाहिलं होतं तसा पाहत बसायचो.

मग भंडाऱ्याच्या एका मंडळानं सत्कार ठेवला. आधी शाल-श्रीफळ, मग सिनेमा दाखवायचा, मग अध्यक्षीय भाषण. मी आईकडून टोळीला निरोप पाठवला, सगळ्यांनी या. आणि त्यातच, भीत भीत, हेही सांगितलं की परत जाताना मी तुमच्याच गाडीनं दिघोरीला येईन. उत्तर आलं नाही. पण त्या दिवशी दुपारी दोन काळीपिवळ्या जीपगाड्या येऊन थांबल्या आणि सगळी टोळी उतरली, ठेवणीतल्या लुगड्यांत. मावशी माझ्या समोरून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. बाबा आले नव्हते. घरी एक माणूस पाहिजे म्हणे. आता माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता, की संध्याकाळी त्या गाडीत मला जागा मिळते की नाही.

सत्कारात एका वक्त्यानं मला मातीतला कलावंत म्हटलं. दुसऱ्यानं चिखलातून उमललेलं म्हणायला सुरुवात केली आणि पुढचं विसरला, त्यामुळे मी चिखलातच राहिलो. मग अंधार झाला. पडद्यावर बाई चालत आली तशी टोळीत खसखस पिकली. एकजण मोठ्यानं म्हणाली, "आवो, हे तं तुम्हीच." मी मागच्या भिंतीला टेकून मावशीच्या पाठीकडे पाहत होतो. ती सरळ होती. बांधीत असतो तर समजलो असतो, सीन पडला. पण खुर्चीत बसलेल्या बाईची पाठ सरळच असते, काही अंदाज येईना. मी माझा सिनेमा पाहिलाच नाही. मी पाठ पाहिली.

शेवटची संध्याकाळ आली. पडद्यावरची बाई पऱ्ह्यांची पेंढी घेऊन बांधीत उतरायला निघाली. तेवढ्यात मावशी खुर्चीतून उठली, हात झाडले, आणि अंधारात नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चाला वो."

आणि टोळी उठली. सगळीच्या सगळी. कोणी विचारलं नाही, कोणी पडद्याकडे वळून पाहिलं नाही. एवढ्या बाया एकदम उठल्या म्हणजे सिनेमा संपला असणार, असं समजून पुढच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. दिवे लागले. चालवणाऱ्यानं सिनेमा बंद केला. अध्यक्ष लगेच माइकपाशी गेले आणि शेवट प्रेक्षकांवर सोपवण्याच्या माझ्या धाडसाचं त्यांनी भरभरून कौतुक केलं. मंचावर जाऊन खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी शाल सांभाळत बाहेर पळालो.

मावशी गाडीच्या पुढच्या दाराला टेकून उभी होती, पन्नी घोटत. मी म्हटलं, "मावशी, शेवट राहिला न."

"मले माहीत हाय काय राहिलं." तिनं पन्नीतून नजर काढली नाही. "ह्या बायांनी थो पाहिला असता, तं घरी जाऊन काय सांगितलं असतं? का बहिणीच्या पोरानं मावशीले मारलं. मंग गावात कोन्त्या तोंडानं आला असता तू? आता कोणीच नाही पाहिला. पेपरात आलं थे पेपरवाल्यानं चुकीचं छापलं, म्हणीन. आता मी सांगीन थो शेवट."

ती पुढे म्हणाली, "पण मारलंस काहून मले?"

"तुले नाही मारलं. थे दुसरी बाई हाय."

"खर्रा माहा. लुगडं माहं. शिव्या माह्या. अन् मरताना दुसरी?"

मग मी तिला सांगितलं, ती कोण होती. त्या दिवशी धुऱ्यावर आपल्या दोघांमध्ये जी होती, तीच. ते खोटं करणं मला जमलं नाही. मावशीनं घोटणं थांबवलं. खर्रा तोंडात टाकला, पन्नीची घडी करून कमरेला खोचली.

"तवा गाडी नोयती आपल्यापाशी," ती म्हणाली. "सिनेमात तं गाडी तुह्याच हातात होती न, बाबू."

ती गाडीत चढली आणि आतल्या बायांना म्हणाली, "सरका वो जराशा. ह्याले जागा द्या."

जागा म्हणजे एका बाजूचं हाड टेकण्यापुरती. मांडीवर कोणाचं तरी नातवंड, त्याच्यावर माझा नारळ. कारध्याचा पूल ओलांडला आणि मावशीनं शेवट सांगायला सुरुवात केली. साप चावला. टोळी धावली. मालकाचा ट्रॅक्टर, जो तो द्यायला तयार नव्हता, तो बायांनी घेतला, आणि चालवायला कोण, तर तीच टोळीतली जिला नवरा सायकललाही हात लावू देत नव्हता. दवाखान्यात डॉक्टर हजर. दुसऱ्या दिवशी बाई बांधीत परत, आणि मालक धुऱ्यावर चहाची किटली घेऊन उभा. यातलं एक अक्षर माझ्या सिनेमात नाही. कथा म्हणून सांगायचं तर बाष्कळ. डॉक्टर हजर असणं तर कोणीच मानणार नाही. पण अर्ध्या बायांनी पदर डोळ्यांना लावला होता, आणि मी शाल.

आम्ही पोचेपर्यंत हा शेवट दुसऱ्या गाडीतही गेला होता, आणि सकाळपर्यंत गावात. बाबा चौकातून ऐकून आले. मी चहा पीत होतो. ते समोर बसले, घसा साफ केला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "शेवट चांगला केलास."

मी म्हटलं, हो.

आता माझी रोजची काळजी अशी आहे की तो सिनेमा एक दिवस मोबाइलवर येणार. करार तसा आहे. मग गावात सगळे पाहतील, बाबासुद्धा पाहतील, आणि बाई मरेल. परवाच्या रविवारी मी मावशीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, तू उगाच भेतोस, शेवटपर्यंत पाहते कोण, त्याच्या आधी नेट संपते. मग म्हणाली, नवीन काय लिहून राहिलास ते सांग. मी सांगितलं. तिनं ट्रॅक्टरचं विचारलं.

मावशी, हे तुला कोणीतरी वाचून दाखवेल, म्हणून इथे लिहून ठेवतो. तो शेवट मी बदलणार नाही, कारण तो खरा आहे. पण कधीतरी मी अशी गोष्ट शोधीन, जिच्यात बाई जगते आणि तेही खरं असतं, माझ्या मेहरबानीनं नाही. ती सापडेपर्यंत शोधत राहीन. निर्मात्याच्या आधी, परीक्षकांच्या आधी, तो सिनेमा तुला दाखवायला दिघोरीला आणीन, आणि मागच्या भिंतीला न टेकता तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. तेव्हा मात्र तू शेवटपर्यंत बसायचं.